उपाशी म्हणजे उपास नव्हे

रक्त तपासायला येणाऱ्या माणसाला आम्ही आदल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो: सकाळी उपाशीपोटी या. वाक्य सोपं आहे, शुद्ध मराठी आहे, आणि शहापूर तालुक्यात ते आजवर कोणालाही कळलेलं नाही. माणूस सकाळी येतो, बाही वर करतो, "उपाशी आहात ना?" म्हटलं की अभिमानाने मान हलवतो. मशीनमधून साखर निघते ती आभाळाला टेकलेली. मग चौकशीत कळतं, की पाहुण्यांनी तपासणीसाठी खास उपास धरला होता, आणि उपासाचं म्हणून दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी, एक केळं आणि पेलाभर दूध घेऊन ते निघाले होते.

या एका शब्दाशी रोकडेभाऊ तीस वर्षं भांडले. शब्द जिंकला, पण भाऊंनी त्याला सुखाने जिंकू दिलं नाही.

रोकडेभाऊ म्हणजे वामन रोकडे, आमच्या लॅबचे टेक्निशियन. गाव किन्हवलीकडचं, रोज स्कूटरने शहापूरला येत. मी शुभांगी, काउंटरवर बसून नावं लिहिणारी आणि रिपोर्ट टाइप करणारी. लॅबचे मालक डॉक्टर कल्याणला राहतात आणि आठवड्यातून एकदा, गाडीला सावलीत जागा मिळाली तर, आमच्याकडे येतात. दारावरची पाटी त्यांची होती, बाकी सगळी लॅब भाऊंची.

भाऊ दिसायला बारीक. पांढरा हाफ शर्ट, कडक इस्त्री, खिशात दोन पेनं. खेड्यातली माणसं त्यांना सरसकट 'डॉक्टर' म्हणत, आणि त्यावर भाऊंचं उत्तर ठरलेलं होतं. "डॉक्टर असतो तर तुमाला हात लावला असता का? लांबूनच गोळ्या लिवल्या असत्या."

टोचण्याची त्यांची एक पद्धत होती, ती कुठल्या पुस्तकात नाही. दोन बोटांनी शीर चाचपायची, सुई टेकवायची आणि त्याच क्षणी समोरच्याचा मनापासून अपमान करायचा. एका मुख्याध्यापकांना त्यांनी विचारलं, "गुरुजी, तुमच्या शाळेचा निकाल चांगला लागतो तो तुमच्यामुळे, का तुमच्या रजांमुळे?" गुरुजी तोंड उघडून उत्तर शोधत राहिले, तोवर नळी भरली होती. "झालं," भाऊ म्हणाले, "आता रागावलात तरी चालेल." लोक म्हणायचे, रोकडेच्या हाताने कळतसुद्धा नाही. कळणार कसं? त्या वेळी दुसरंच काहीतरी टोचत असायचं.

त्यांचं एक पालुपद होतं: रिपोर्टशिवाय बोलू नका. ते फक्त आजारापुरतं नव्हतं. काउंटरवर कोणी बाई मला कुजबुजत सांगायला लागली, की अमक्याच्या मुलीचं आसनगावच्या एका मुलाशी जमलंय, तर आतल्या खोलीतून आवाज यायचा, "रिपोर्टशिवाय बोलू नका!" त्या बाईचं रक्त निम्मं तिथेच आटायचं.

दर श्रावणात, म्हणजे उपासांचा हंगाम सुरू झाला की, भाऊ जाड पुठ्ठ्यावर स्केचपेनने नवी पाटी लिहून काउंटरला टांगत. पहिल्या वर्षी त्यावर एकच ओळ होती: 'उपाशी म्हणजे उपास नव्हे.' दुसऱ्या वर्षी खाली आलं, 'साबुदाणा हे अन्न आहे.' मग 'राजगिऱ्याचा लाडू हेही अन्नच आहे.' मग 'चहा म्हणजे पाणी नव्हे.' एका वर्षी एक गृहस्थ फक्त देवाचा प्रसाद खाऊन आले, तेव्हा 'देव माफ करील, मशीन करणार नाही' ही ओळ वाढली. जुन्या पाट्या मी फ्रिजच्या मागे उभ्या करून ठेवत गेले, कारण आमच्याकडे काही फेकायचं झालं तर मालकांना विचारावं लागतं आणि मालक सावलीच्या शोधात असतात. पाटीवरचं अक्षर दरवर्षी बारीक होत होतं. आम्हाला वाटायचं, ओळी वाढल्या की अक्षर बारीक होणारच.

आणखी एक गोष्ट भाऊंची होती, ती म्हणजे नाक. माणूस खुर्चीत बसला की ते नुसता एक श्वास घेत आणि म्हणत, "सुकट. काल रातची नाय, आत्ताची." बिचारा कबूल होई. एकदा आसनगावचा एक कामगार आला. त्याच्या तोंडाचा बोंबलाचा वास मला काउंटरवर येत होता. भाऊंनी मुकाट्याने रक्त घेतलं आणि लेबल लावलं. मला वाटलं, वय झालं, माणूस मवाळ झाला. त्यांचं नाक गेलं होतं, आणि ते त्यांना स्वतःलाही कळलं नव्हतं.

आता सरपंचांबद्दल सांगायला हवं. ते किन्हवलीकडच्याच एका गावचे. सरपंचपद जाऊन जमाना झाला, पण त्यांनी पदवी काही परत केली नाही. आम्हीही सरपंचच म्हणायचो. एकदा डोळखांबच्या शिबिरात त्यांचं रक्त घेतलं गेलं आणि कोणाच्या तरी मोटरसायकलवर खड्डे मोजत शहापूरला आलं. भाऊंनी ते यंत्रात फिरवलं. फिरवल्यावर वर जे पाणी राहतं ते पेंढ्याच्या रंगाचं, स्वच्छ हवं. हे गुलाबी निघालं. म्हणजे तांबड्या पेशी वाटेत फुटल्या होत्या आणि त्यांच्या पोटातलं सगळं त्या पाण्यात सांडलं होतं. भाऊंनी नळी फेकली आणि सरपंचांना पुन्हा बोलावलं.

"जरासंच फुटलंय ना रं रोकड्या?" सरपंच म्हणाले. "दे की ठोकून."

"जरासाच तडकलाय म्हणून तुमी पुलाचं उद्घाटन केलंत," भाऊ म्हणाले. "फुटलेल्या रक्ताचा रिपोर्ट मी नाय देत. चुकीच्या कागदापेक्षा कागद नसलेला बरा."

बाकावर बसलेले सगळे हसले. सरपंच दुसऱ्यांदा टोचून घेऊन गेले आणि ते हसणं त्यांनी जपून ठेवलं.

ते बाहेर काढायची संधी त्यांना पाच-सहा वर्षांपूर्वी मिळाली. भाऊंचा उजवा हात हलायला लागला होता. काम करताना नाही, नुसते बसलेले असताना. हात मांडीवर असायचा आणि अंगठा बोटांवर असा फिरायचा, जणू ते चिमटीत काहीतरी वळतायत. सरपंच साखर तपासायला आले होते, त्यांनी ते पाहिलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. "ह्यानं सकालीच टाकलीय," ते म्हणाले. "हात बघा ना. आपण नाय बाबा टोचून घ्यायचो."

आमच्या भागात हात कापण्याचं एकच कारण लोकांना माहीत आहे: एकतर घेतलेली असते, नाहीतर मिळालेली नसते. आजार वगैरे नंतर. आठवड्याभरात लोक काउंटरवर हळूच विचारायला लागले, "दुसरा कोण हाय का टोचायला?" गंमत म्हणजे भाऊंनी आयुष्यात थेंब घेतलेला नव्हता. ते म्हणायचे, "पंचशीलातल्या पहिल्या चारांचं मी छातीठोक सांगत नाय. पाचवं, दारूचं, मात्र अखंड हाय."

आणि तरीही एका सकाळी, त्यांना चहा देताना, मी जरा जास्तच वाकले. हुंगायला. मला कोणी सांगितलं नव्हतं, मी आपणहून वाकले. भाऊंनी कप घेतला आणि विचारलं, "काय आलं नाकाला?"

मी टेबल पुसायला लागले.

"मग दे रिपोर्ट," ते म्हणाले, आणि चहा प्यायले. मला आजही त्याची लाज वाटते.

मालकांनी मात्र त्या आठवड्यात सावलीची वाट पाहिली नाही, फोनच केला. भाऊंनी यापुढे आत मशीनवर बसावं, सुई दुसऱ्याने धरावी. भाऊ आत बसले. उजव्या हातावर रुमाल टाकून बसायला लागले. त्या दिवसापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती: एक कागद. हा हात दारूने हलत नाही, असं लिहिलेला, आकडे असलेला कागद. "माझ्या तोंडावर लोक विश्वास ठेवणार नायत," ते मला म्हणाले. "कागदावर ठेवतील. ती सवय मीच लावलीय त्यांना."

घरी वहिनींनी फारच लावून धरलं म्हणून ते ठाण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. सोबत मीही होते. डॉक्टरांनी त्यांना बाहेरच्या बोळात चालायला लावलं, वळायला लावलं, चिमटी उघडझाप करायला लावली, मागून खांदे धरून हळूच ओढलं. मग म्हणाले, पार्किन्सन आहे.

"रक्त?" भाऊंनी विचारलं.

"रक्त नको."

"मंजे रक्तात काय बघणार नाय तुमी?"

डॉक्टर भले होते. त्यांनी समजावलं, की या आजारात मेंदूतलं एक प्रथिन गुठळ्या धरतं, आणि त्याच्या खुणा रक्तातल्या प्रथिनांत सापडतात का, यावर बरंच संशोधन चाललंय. उद्या कदाचित हात हलायच्या आधीच रक्तावरून कळेल. आज मात्र अशी रोजच्या वापरातली पक्की टेस्ट नाही. आज माणसाकडे नीट बघणं हीच टेस्ट. मग त्यांनी कागद पुढे केला आणि एक वाक्य लिहायला सांगितलं. भाऊंनी लिहिलं, 'उपाशी म्हणजे उपास नव्हे.' पहिला शब्द दिसत होता. शेवटचा डोळे बारीक करून शोधावा लागला.

"अक्षर असं कधीपासून बारीक होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"कागद वाचवतो," भाऊ म्हणाले.

वास न येणं आणि अक्षर आकसणं ही या आजाराची सुरुवातच असते, असं डॉक्टर म्हणाले; मला फ्रिजच्या मागच्या पाट्या आठवल्या. परत आल्यावर मी त्या बाहेर काढून भिंतीला ओळीने लावल्या. पहिलीचं अक्षर रस्त्यावरून वाचता येत होतं. शेवटची वाचायला मला चष्मा लावून वाकावं लागलं. अलीकडच्या एका वर्षी तर भाऊंनी घाईत दोनच ओळी लिहिल्या होत्या, अर्धा पुठ्ठा रिकामा, तरीही अक्षर बारीकच. म्हणजे आजाराची वर्षावर्षाची नोंद काउंटरला टांगलेली होती, रोज शेकडो लोक ती वाचत होते, आणि तालुक्यात एकालाही वाचता आली नव्हती. भाऊ पाट्यांसमोर येऊन उभे राहिले. "बघ," ते म्हणाले, "आपला रिपोर्ट आपणच लिवत होतो, आणि वर लोकांना अडाणी म्हणत होतो."

डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी समजुतीने घेतली नाही. "म्हसा गावच्या जत्रेत बैल असाच चालवून बघतात. फक्त दात बघायचे राह्यले. हे मत झालं शुभे, रिपोर्ट नाय." त्यातून सरपंच भेटले. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि तालुक्याचा शेवटचा प्रश्न विचारला, "पण रक्तात काय निंगालं काय?"

रक्तात काही निघालं नव्हतं. आणि रक्तात निघाल्याशिवाय आमच्याकडे काहीही खरं नसतं.

म्हणूनच गेल्या वर्षी, मुंबईच्या एका संशोधन संस्थेचे लोक मुरबाडला रक्त गोळा करायला येणार असं कळल्यावर, भाऊंनी नवा शर्ट शिवला. पार्किन्सनचे रुग्ण आणि त्याच वयाची निरोगी माणसं, दोघांच्याही रक्तातली प्रथिनं ते ताडून बघणार होते. मला भाऊंनी रजा टाकायला लावली. शिबिराच्या प्रमुख एक तरुण डॉक्टर होत्या, डॉ. तन्वी. त्यांनी संमतीचा फॉर्म वाचून दाखवला. त्यातल्या एका ओळीवर भाऊंनी बोट ठेवलं: कोणालाही स्वतःचा निकाल कळवला जाणार नाही.

"रक्त माझं, प्रथिन माझं, आणि निकाल तेवढा तुमचा," भाऊ म्हणाले. "चांगलं हाय."

तन्वी मॅडम हसल्या नाहीत. "भाऊ, एका माणसाबद्दल खात्रीने सांगावं इतकी ही टेस्ट अजून पक्की नाही. चुकीचा कागद देण्यापेक्षा मी कागद न देणं पसंत करीन."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून अंगावर आल्यावर माणूस कसा दिसतो, ते मी तेव्हा पाहिलं. ते सही करायला वाकले. सही एवढीशी झाली.

बाहेर चाळीसेक माणसं बसली होती. त्यांत निरोगी म्हणून सरपंचही होते. तपासणी फुकट आहे आणि नंतर बिस्किटं मिळतात, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. सगळ्यांना उपाशीपोटी बोलावलेलं. तन्वी मॅडमनी विचारलं, "सगळे उपाशी आहात ना?" चाळीस माना एकदम हलल्या. मॅडमनी समाधानाने फॉर्मवर खूण केली.

त्या दिवशी संकष्टी होती.

"मॅडम, एक मिनिट," भाऊ म्हणाले, आणि गर्दीकडे वळून त्यांनी एकच शब्द उच्चारला. "साबुदाणा?"

निम्मे हात वर झाले. एका आजोबांनी तर प्रामाणिकपणे दोन बोटं दाखवली, दोन वाट्या. सरपंच म्हणाले, "आमी रताळी खाल्ली. साबुदाणा नाय." खाल्लेल्यांना दुसऱ्या दिवशी बोलावलं गेलं, तरी ते गंमत बघत बसून राहिले. मॅडमनी हळू आवाजात भाऊंना विचारलं, "भाऊ, उद्यासाठी एक पाटी लिहून द्याल?"

खरे उपाशी थोडेच होते. त्यांचं रक्त मॅडमच्या टेक्निशियनने काढलं. तो घाईचा माणूस होता, जोरात ओढत होता. पहिल्या चार नळ्या यंत्रातून बाहेर आल्या त्यांतल्या दोन गुलाबी. भाऊ उठून जवळ गेले. "ह्या फेका. तुमी शोधताय ते प्रथिन तांबड्या पेशींच्या पोटात भरपूर असतं. पेशी फुटल्या की तेच पाण्यात सांडणार. मग निरोग्यालाही आजारी ठरवाल." पार्किन्सन कळल्यापासून त्यांनी बरंच वाचलं होतं, हे मला माहीत होतं. मॅडमना नव्हतं. त्यांनी नळ्या फेकल्या.

पुढे टोकावड्याकडच्या पाड्यावरच्या एक आजी होत्या. त्यांची शीर दोनदा हुकली. आजींनी हात मागे घेतला. "ह्यो कोंबरी टोचल्यासारखा टोचतो. तो रोकडे हाय ना थय, त्याला बोलवा. माज्या दोन बालंतपनांचं रगत त्यानीच काडलंय."

भाऊ खुर्चीत बसले होते आणि रुमालाखाली हात हलत होता. मागून सरपंचांचा आवाज आला, "अगो म्हातारे, त्याचा हात बघ आधी."

तन्वी मॅडमनीही बघितला. मग म्हणाल्या, "हा हात स्वस्थ असला की हलतो. कामाला लागला की थांबतो. बरोबर ना, भाऊ?"

"तो कामाला लागलाच नाय चार वर्षं," भाऊ म्हणाले. "त्याला विचारायला लागंल."

मॅडम शेजारी उभ्या राहिल्या. भाऊंनी रुमाल बाजूला ठेवला. चार वर्षांनी त्यांनी सुई उचलली, आणि हात थांबला. दोन बोटांनी त्यांनी शीर चाचपली. "आजी, दोन बालंतपनांत तुमी जेवढ्या शिव्या मला दिल्यात, त्यांतली एकतरी नवऱ्याला दिली होती का?" आजी हसायला लागल्या, तोवर नळी भरली होती. ती यंत्रातून बाहेर आली तेव्हा वरचं पाणी पेंढ्याच्या रंगाचं, स्वच्छ होतं. मॅडमनी ती उजेडात धरली. सगळ्यांनी पाहिली. मला रडू आलं आणि मी फॉर्म नीट लावत बसले.

दुसऱ्या दिवशी दारात भाऊंनी लिहिलेली पाटी होती. अक्षर इतकं बारीक, की प्रत्येकाला नाक लावून वाचावं लागत होतं, आणि म्हणूनच कदाचित प्रथमच सगळ्यांनी ती वाचली. सरपंच खरोखर उपाशीपोटी आले होते. घाईच्या टेक्निशियनपुढची खुर्ची रिकामी होती, आणि मॅडमनी शेजारी भाऊंसाठीही एक जागा मांडून दिली होती. सरपंच त्या रिकाम्या खुर्चीपुढून गेले, भाऊंसमोर बसले आणि बाही वर केली.

"रताळी?" भाऊंनी विचारलं.

"पाणी पन नाय," सरपंच म्हणाले.

त्या वेळी भाऊंनी टोचताना काहीच अपमान केला नाही. मला वाटतं, सरपंचांना त्यामुळेच जास्त दुखलं असेल. नळीवर लावायला छापील नंबर होते, पण सवयीने भाऊंनी एका चिकटपट्टीवर दोन शब्द लिहून ती आधी डकवली. मॅडमना ते वाचता येईनात. मी चष्मा लावून वाचले: 'निरोगी, म्हणे.'

तीच शेवटची सुई. मालकांनी नंतर भाऊंना परत खुर्चीवर बोलावलं होतं. मुरबाडची बातमी तोवर शहापूरला पोचली होती. भाऊंनी नकार दिला. "आज थांबतो हात. उद्या थांबंल ह्याचा रिपोर्ट कोणाकडे हाय?" असं म्हणून ते घरी बसले. मी अधूनमधून जाते, वहिनी चहा करतात, मी वाकत नाही. पण भाऊ म्हटलं की मला दिसते ती त्या दुसऱ्या दिवशी दुपारची, आम्ही परत येत होतो ती मुरबाड-शहापूर एसटी.

भाऊ खिडकीशी बसले होते, मी त्यांच्या मागच्या सीटवर, सरपंच पुढच्या. रुमालाखाली हात हलत होता. सरळगावला एक माणूस चढला, भाऊंच्या शेजारी बसला, आणि तेवढ्यात गाडीच्या धक्क्याने रुमाल खाली पडला. माणसाने हाताकडे पाहिलं, जरा सरकला आणि पलीकडच्याला म्हणाला, "भरदुपारीच चढलीय वाटतं."

पुढच्या सीटवरून सरपंच उठले. दांडा धरून मागे वळले. "ओ पावनं, तो दारूचा हात नाय. आजाराचा हाय. रोकडेभाऊ हायत ते." इतकी वर्षं ते रोकड्या म्हणत आले होते.

भाऊंनी खिडकीबाहेर बघतच म्हटलं, "रक्तात निघालेलं नाय अजून, सरपंच. रिपोर्टशिवाय बोलू नका."

सरपंचांनी एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताची बाही वर सारली. कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा अजून चिकटलेला होता. तो त्यांनी काढला आणि हात सगळ्या गाडीला दाखवला. कुठे सूज नाही, काळंनिळं नाही, टोचल्याची खूण शोधावी लागत होती. "ह्यो बघा रिपोर्ट," ते म्हणाले. "सकाली भाऊंच्या ह्याच हातानं टोचलंय. कळलं पन नाय."

शेजारचा माणूस वाकला, त्याने पडलेला रुमाल उचलून त्यांच्या पुढे धरला. भाऊंनी तो घेतला, घडी करून खिशात ठेवला, आणि हात तसाच मांडीवर, सगळ्यांसमोर, हलू दिला.